न ऐकलेला माणूस गैरहजर नसतो

(वडाळ्यातल्या एका वस्तीच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी केलेलं भाषण. जसं बोललो तसंच छापायला दिलं आहे.)

मला इथं कवितेवर बोलायला बोलावलंय. मी कवितेवर बोलणार नाही. कविता कागदावर आहे, ती घरी नेऊन वाचा. नाही पटली तर फाडा. आज मी हजेरीवर बोलणार. हजेरी कोण लावतं, कोण कापतं, आणि कापणाऱ्याच्या यंत्राला आपण कान कसा लावायचा, यावर.

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. बोटीतून माल काढायचा, बोटीत माल भरायचा. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आजची दहावी. इंग्रजीत काठावर पास. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून एखादा पांढरपेशा म्हणेल, हे ह्याचं काम नव्हे, ह्याला कुणीतरी पढवलंय. पढवलंय ना! शेजारच्या खोलीतल्या डिप्लोमाच्या पोरानं पढवलंय. पढणं हा काय गुन्हा आहे? आमच्या बापजाद्यांसाठी होता. गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय, शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता. म्हणजे ह्या देशात नुसत्या ऐकण्याचीही शिक्षा ठरलेली होती. मी आज ऐकण्याचीच गोष्ट सांगतोय.

तर गोष्ट अशी. पावसाळा संपता संपता कंत्राटदारानं आम्हाला नवी कार्डं दिली. गळ्यात अडकवायची. आत बारीक गोल बॅटरी आणि एक चिप. सुपरवायझर म्हणाला, आता अंगठा नाही, मस्टर नाही, सही नाही. कार्ड घाला आणि कामाला लागा, हजेरी आपोआप. धक्क्यावर खांबाखांबांना पांढऱ्या डब्या ठोकल्या. त्या डब्या म्हणे कार्ड ऐकणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. कारण अंगठ्याच्या मशीनवर आमचे अंगठे उठतच नसत. दोर आणि लोखंड ओढून ओढून रेषा पुसून गेलेल्या. वाटलं, सुटलो.

महिन्याच्या शेवटी पगार आला. माझे नऊ तास कापलेले. दुसऱ्या एकाचे अकरा. एकाचे सहा. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि पुढं एकच शब्द: गैरहजर. मी डोकं खाजवत बसलो. त्या तारखेला मी कुठं होतो? बोटीच्या पोटात होतो, फाळक्याखाली. वर आभाळाचा चौकोन दिसतो, तेवढंच. चारी बाजूंना लोखंड. मग आम्ही सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र मांडल्या. विंचवरच्या माणसाचा एक मिनिट कापलेला नाही. धक्क्यावर हूक लावणाऱ्यांचा नाही. कापले कुणाचे? जे खाली उतरतात त्यांचे. जो जास्त खोल, त्याचा जास्त खाडा.

मुकादमाकडं गेलो. मुकादम म्हणाला, "ए कवी, यंत्र खोटं बोलत नसतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण माणूस खोटं बोलतो असं म्हटलं तर भांडता येतं. यंत्रापुढं कुणाची कॉलर धरणार?

माझा आजा ह्याच गोदीत होता. तो सांगायचा, आधी टोळीवाला गेटवर उभा राहून बोट दाखवायचा, तू ये, तू जा. ज्याच्यावर बोट त्याला काम. मग १९४८ साली गोदी कामगारांच्या नेमणुकीचा कायदा झाला. त्याखाली बोर्डं आली, योजना आल्या, नोंदणी झाली. आणि त्यात एक चीज होती, हजेरी भत्ता. नोंदलेला कामगार हजर झाला आणि बोट नसल्यानं त्याला काम मिळालं नाही, तरी हजर राहिल्याचे पैसे. नुसतं हजर असण्याची किंमत होती बघा. आणि नातू बोटीच्या पोटात घाम गाळतोय, काम करतोय, तरी त्याचा खाडा! कुठून कुठं आलो आपण?

आता हत्याराकडं येतो.

लॅमिंग्टन रोडवरून मी एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता, कविता टाइप करायला. डिप्लोमाच्या पोरानं त्याच्यावर लिनक्स टाकून दिलं होतं, फुकट मिळतं म्हणून. त्याला मी कार्ड दाखवलं. तो म्हणाला, दादा, हे ब्लूटूथ आहे, आणि ब्लूटूथ काय बोलतं ते बघायचं हत्यार तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून पडलंय. नाव बीटीमॉन. ब्लूटूथ मॉनिटर. लिनक्सच्या ब्लूटूथची जी यंत्रणा आहे, ब्लूझेड, तिच्याबरोबर येतं. परवाना नको, पैसे नको.

ह्याला खिडकी नाही, चित्र नाही, माउस नाही. काळा पडदा, त्यावर टाइप करायचं आणि एंटर मारायचा. ह्याला कमांड लाइन म्हणतात. कमांड म्हणजे हुकूम. आपण जन्मभर हुकूम ऐकले. इथं आपण द्यायचा. मला पहिल्या रात्री ह्याचीच मजा वाटली. हुकूम एवढाच: सुडो बीटीमॉन. सुडो म्हणजे, मी मालकाच्या अधिकारानं सांगतोय. पासवर्ड घातला की पडदा जागा होतो.

पण थांबा. आधी ब्लूटूथ म्हणजे काय ते दोन वाक्यांत. ही रेडिओचीच लाट. सेकंदाला सुमारे २४० कोटी हेलकावे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं, हॅराल्ड ब्लूटूथचं. १९९८ साली कंपन्यांनी एकत्र येऊन ह्याचा संघ केला आणि राजाचं नाव यंत्राला चिकटलं. राजे लोक कुठंही चिकटतात.

आमचं कार्ड कुणाशी जोडलं जात नाही. ते फक्त ओरडतं. स्टेशनवरच्या फेरीवाल्यासारखं. मी अमुक नंबर, मी अमुक नंबर. ह्या ओरडण्यासाठी तीन जागा राखून ठेवल्यात, २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. तिन्ही जागी एकेकदा ओरडतं आणि झोपतं. माझं कार्ड साधारण सेकंदाला एकदा ओरडतं. दर वेळी मध्ये शून्य ते दहा हजारांश सेकंदांची उगीच ढील सोडतं. का? दोन कार्डं एकदम ओरडली तर पुढच्या वेळी परत एकदम ओरडू नयेत म्हणून. यंत्राला एवढी अक्कल दिलीय. सभेतल्या आपल्या पुढाऱ्यांनाही द्यायला पाहिजे.

तर बीटीमॉन चालू केलं. काही आलं नाही. कारण ते नुसतं बघतं, स्वतः काही करत नाही. दुसऱ्या खिडकीत शोध चालू करावा लागतो. ब्लूटूथसीटीएल उघडायचं आणि स्कॅन ऑन लिहायचं. आणि मग धो धो ओळी. मी घाबरलो. वाटलं, लॅपटॉप बिघडला.

ओळ वाचायची कशी ते सांगतो, लिहून घ्या. प्रत्येक ओळीच्या सुरवातीला एक खूण असते. बाणाचं टोक डावीकडं असलं तर ती ओळ लॅपटॉपनं रेडिओच्या चिपला दिलेला हुकूम. टोक उजवीकडं असलं तर चिपकडून लॅपटॉपकडं आलेली खबर. आपल्याला पाहिजे ती खबर असते 'एलई ॲडव्हर्टायझिंग रिपोर्ट' नावाची. तिच्या पोटात चार गोष्टी बघायच्या. एक, पत्ता. दोन, पत्त्याचा प्रकार. तीन, डेटा, म्हणजे ते काय ओरडलं. चार, आरएसएसआय, म्हणजे किती जोरात ऐकू आलं. कडेला वेळ असते. डॅश टी लावलं तर घड्याळाची वेळ येते, मोठा टी लावला तर तारखेसकट. डॅश डब्ल्यू लावून फाइलचं नाव दिलं की सगळं फाइलीत साठतं. नंतर डॅश आर लावून तीच फाइल पुन्हा वाचायची. कोर्टात साक्ष फिरवतात, ही फाइल फिरत नाही. पण ती आपण जपून ठेवायची, नक्कल करून ठेवायची.

माझं कार्ड त्या गर्दीत शोधायला एक युक्ती केली. कार्ड अँटेनाजवळ धरलं. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा ते बघितलं. उणे ४५. ही गिणती उणेमध्ये असते. उणे ४५ म्हणजे जवळ, उणे ९० म्हणजे कुठंतरी लांब, मरणाऱ्या माणसासारखा आवाज. दर दहा खाली गेलं की ताकद दहा पटीनं घटली असं समजायचं. ओळीत लिहिलं होतं, आयबीकन. ही ओरडायची पद्धत २०१३ साली निघालेली, जगभर वापरतात. तिच्यात एक लांबलचक ओळख असते, जी सगळ्या टोळीच्या कार्डांवर सारखीच होती, आणि पुढं दोन आकडे. शेवटचा आकडा म्हणजे मी. माझं नाव नाही, गाव नाही, आईबाप नाहीत. आकडा.

आणि इथं मी एक चूक केली, ती मुद्दाम सांगतो. माझ्या कार्डाची ओळ एकदा आली आणि मग बराच वेळ आलीच नाही. मी म्हटलं, झालं, कार्डच मुकं आहे, सुपरवायझरला सकाळी धरतो. पोरगा म्हणाला, दादा, वरचा हुकूम वाचा. वर चढून बघितलं. लॅपटॉपनं चिपला दिलेला हुकूम होता, आणि त्यात लिहिलं होतं, फिल्टर डुप्लिकेट्स: एनेबल्ड. म्हणजे काय? म्हणजे माझ्याच लॅपटॉपनं चिपला सांगितलं होतं, जो एकदा ओरडलाय त्याची खबर परत परत आणू नकोस. कार्ड ओरडतच होतं. मीच कान अर्धा बंद केला होता. मग जुनं हत्यार काढलं, एचसीआयटूल. आता ते मोडीत काढलंय, पण जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्याला लीस्कॅन आणि डॅश डॅश डुप्लिकेट्स असं सांगितलं. आणि बघतो तर सेकंदाला एक ओळ, सेकंदाला एक ओळ. एखादी गळते, पण थांबत नाही. नाडीसारखी. मी खाटेवर बसून ती नाडी बघत राहिलो. साल्या, तू तर जिवंत आहेस!

ही चूक का सांगितली? कारण मीही मुकादमाचंच वाक्य बोललो होतो. पडद्यावर दिसत नाही म्हणजे नाही. ऐकू आलं नाही तर आधी कान तपासायचा, मग बोलणाऱ्याला मुकं म्हणायचं.

मग परीक्षा सुरू केली. वहीत रकाने आखले. कार्ड हातात, उणे ४५. खोलीच्या पलीकडं, उणे ६२-६३. मध्ये भावाला उभं केलं, अजून दहा-बारा खाली. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि ही लाट पाण्यात जिरते. मायक्रोवेव्हची भट्टी ह्याच पट्ट्यात चालते. मग कार्ड जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं. आवाज एकदम पडला, उणे ८५ च्या पुढं, मधूनमधून गायब. मग आईचा पाण्याचा लोखंडी पिंप रिकामा केला. आईनं शिव्या घातल्या. कार्ड पिंपात टाकलं, वर झाकण. ओळी थांबल्या. झाकण काढलं. ओळी चालू. झाकण लावलं. बंद. झाकण काढलं. चालू. वीस वेळा केलं. वीसच्या वीस वेळा तेच.

आई म्हणाली, "काय खेळ लावलायस?" मी म्हटलं, "आये, हा पिंप म्हणजे बोट आणि आतलं कार्ड म्हणजे मी."

आई काही बोलली नाही. बसून राहिली. मग म्हणाली, "मग तू आत असताना तुला कोण ऐकतं?"

दोस्तांनो, ह्या प्रश्नापुढं माझ्या सगळ्या कविता पाणी भरतात.

आणखी एक गोष्ट ह्या परीक्षेत दिसली. पत्त्याचा प्रकार. गर्दीत बऱ्याच फोनांच्या ओळी येत होत्या, त्यांच्यापुढं लिहिलेलं असायचं, रँडम, रिझॉल्व्हेबल. असला फोन आपला पत्ता ठरावीक वेळानं, साधारण पंधरा मिनिटांनी, बदलतो. कुणी पाठलाग करू नये म्हणून. ही सोय चांगली आहे. माझ्या कार्डापुढं लिहिलं होतं, रँडम, स्टॅटिक. म्हणजे बदलत नाही. काल तोच, आज तोच, पुढच्या महिन्यात तोच. खिशातल्या फोनला तोंड लपवायचा हक्क आहे, गळ्यातल्या कार्डाला नाही. आणि कार्डाला बटण नाही. पाळी संपते, मी घरी येतो, कार्ड खुंटीवर ओरडतच असतं. मी युनियनच्या बैठकीला गेलो तरी खिशात ओरडतं. जवळ कुणी कान ठेवला असेल तर त्याला कळेल की हा आकडा इथं आला होता. हे ओरडणं कुलूपबंद नाही, कुणालाही ऐकू जातं. कुणी ऐकतंय असा माझा आरोप नाही. पण मी आता पाळी संपली की कार्ड स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावतो. जी युक्ती माझ्याविरुद्ध चालली, तीच मी माझ्यासाठी वापरतो.

आता ताकीद. तुम्ही पोरं इथून उठाल आणि रात्री शेजाऱ्याचा फोन ऐकायला बसाल. ऐका, ते होणार नाही आणि करायचंही नाही. होणार नाही, कारण बीटीमॉन दारावरचा वॉचमन आहे, रस्त्यावरचा नाही. तुमच्या लॅपटॉप आणि त्याच्या रेडिओ-चिपच्या मध्ये जे येतं-जातं तेवढंच त्याला दिसतं. दुसऱ्या दोघांचं जोडलेलं बोलणं सतत जागा बदलत उडत असतं, त्याला वेगळं यंत्र लागतं, आणि वर बहुतेक वेळा त्याला कुलूप असतं. करायचं नाही, कारण मग आपल्यात आणि खांबावरच्या डबीत फरक काय राहिला? शोध चालू केला की शेजारपाजारच्या इअरफोनांची नावं आपोआप येतात. ती वहीत उतरवायची नाहीत. मी फक्त माझं कार्ड उतरवलं, आणि टोळीतल्या ज्यांनी हातात आणून दिलं त्यांचं.

मग आम्ही काय केलं? महिनाभर एक वही चालवली. फाळक्याखाली कोण कधी उतरलं, कधी वर आलं, घड्याळ बघून. खाली सोबत असलेल्या दोघांच्या सह्या. महिना संपल्यावर वहीतल्या वेळा आणि पगाराच्या चिठ्ठीवरच्या गैरहजेरीच्या वेळा शेजारी शेजारी लावल्या. बसल्या! खाली उतरलो की दहा-पंधरा मिनिटांत यंत्राचा खाडा सुरू, वर आलो की बंद. सोबत बीटीमॉनच्या फाइलीतली पानं छापून लावली, पिंपाच्या झाकणासकट. आणि ऑफिसात गेलो.

साहेब पानं उलटत म्हणाला, "हे तुला कुणी करून दिलं?"

मी म्हटलं, "साहेब, मीच केलं."

"तुझं शिक्षण काय?"

"मॅट्रिक."

तो हसला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही हसा. पण एक पिंप मागवा, आत्ता इथं करून दाखवतो." पिंप आला नाही. मग मी लोखंडी कपाटाकडं बोट दाखवलं. लॅपटॉप टेबलावर. कार्ड कपाटात टाकलं, दार लावलं. ओळी विरळ झाल्या, मग थांबल्या. दार उघडलं. ओळी चालू. साहेबाचा शिपाई दारात उभा होता, तो पटकन म्हणाला, "अरे, बरोबर आहे की!" साहेबानं त्याच्याकडं बघितलं. शिपाई गेला.

निकाल सांगतो, फुगवून सांगत नाही. फाळक्याच्या तोंडाशी आता पुन्हा कागदाचं मस्टर आहे. "सध्यापुरतं", असं साहेब म्हणाला. पुढचा खाडा बंद झाला. मागचे कापलेले तास अजून मिळालेले नाहीत. गैरहजेरीची कपात खऱ्या गैरहजेरीच्या वेळेपुरतीच करता येते, हे १९३६ च्या वेतनाच्या कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. त्यावर अर्ज लिहून झालाय. बाराजणांच्या सह्या आहेत. एकजण अंगठा लावणार होता, पण अंगठा उठला नाही. त्यानं तीन दिवस बसून स्वतःचं नाव लिहायला शिकून सही केली. ह्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही सही.

शेवटी मला एवढंच सांगायचंय. मुकादम म्हणाला, यंत्र खोटं बोलत नसतं. अर्धं खरं आहे ते. डबीला ऐकू आलं नाही, हे यंत्र खरंच सांगत होतं. त्या 'ऐकू आलं नाही'चं 'गैरहजर' कुणी केलं? ते यंत्रानं नाही केलं. कुणातरी माणसानं खुर्चीत बसून ठरवलं की ज्याचं ऐकू येत नाही तो नाहीच. हे जुनंच आहे, दोस्तांनो. फक्त आधी ते गावकुसावर व्हायचं, आता खांबावरच्या डबीत होतं.

म्हणून सांगतो, यंत्र फोडू नका. फोडलंत तर नुकसानभरपाई तुमच्याच पगारातून जाईल. यंत्र वाचा. गळ्यात कुणी काही अडकवलं तर ते काय बोलतं ते स्वतः ऐका. त्यांची वही असेल तर आपलीही वही पाहिजे, तारखेसकट, वेळेसकट, सह्यांसकट. आणि जो खाली आहे, त्याच्यापर्यंत आपला कान पोचला पाहिजे.

ज्याला शिकायचंय त्यानं पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन यावं. नसेल तर माझा आहे. पिंप मात्र घरून आणा. आईनं आमचा परत द्यायला नकार दिलाय.

जयभीम.